आधी कान, मग डोळे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आत्ता मी तुम्हाला दिसत नाही. माझे ओठ दिसत नाहीत की हातवारे दिसत नाहीत. तुमच्यापैकी कुणी भाजी निवडत असेल, कुणी दाढी करत असेल, कुणी गाडी पुसत असेल. तरीही मी काय म्हणते आहे ते तुम्हाला कळतंय. त्यासाठी तुम्हाला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. शब्द कानांवर पडतात आणि त्यांचा अर्थ आपोआप लागतो. हे ‘आपोआप’ किती मोठं काम आहे, हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं.

कर्णबधिर मुलांना ऐकायला कसं शिकवावं, याबद्दल मी आज बोलणार आहे. ‘ज्याला ऐकूच येत नाही, त्याला ऐकायला काय शिकवणार?’ असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. पण अजिबात काहीही ऐकू न येणारी मुलं थोडी असतात. बहुतेक मुलांमध्ये ऐकण्याची काही ना काही शक्ती शिल्लक असते आणि श्रवणयंत्रानं ती वापरात आणता येते. ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाही, त्यांतल्या अनेकांना कॉक्लिअर इम्प्लान्टची शस्त्रक्रिया करून आवाज मिळवून देता येतो. मात्र कानात आवाज पोचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. या दोहोंच्या मधली वाट घरातल्या माणसांना मुलाबरोबर चालावी लागते.

मी डॉक्टर नाही. एका मुलीची आई आहे. तिला शिकवता शिकवता मी कर्णबधिरांच्या शिक्षणाची पदविका घेतली आणि गेली वीस वर्षं अशा मुलांच्या पालकांबरोबर काम करते आहे. त्यामुळे जे सांगेन त्यात थोडं शास्त्र असेल आणि बऱ्याचशा माझ्याच चुका असतील.

मुलीचा जन्म १९९८ चा, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावातला. मूल गुटगुटीत, हसरं. सहाव्या महिन्यात ‘बा बा’ करायला लागली आणि आठव्या-नवव्या महिन्यात हळूहळू गप्प होत गेली. मला कुठंतरी खटकत होतं. सासूबाई म्हणाल्या, “हिचा बाप तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता. आपल्या घरात उशिराच बोलतात.” तरी माझं समाधान होईना, म्हणून त्यांनी एक दिवस तिच्या पाठीमागं उभं राहून पितळी ताट उलथन्यानं वाजवलं. पोरगी दचकून वळली. सासूबाई हसल्या, मीही हसले. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही ‘तीन वर्षांपर्यंत वाट बघा’ म्हणून सांगितलं. आम्ही वाट बघितली.

पुण्यात तिची ‘बेरा’ तपासणी झाली, तेव्हा ती दोन वर्षं दोन महिन्यांची होती. या तपासणीत मूल झोपलेलं असताना डोक्याला बारीक तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि त्याचा संदेश मेंदूकडं जाणाऱ्या वाटेवर उमटतो का ते पाहतात. दोन्ही कानांत ७५ डेसिबलच्या आसपास श्रवणदोष निघाला. मग मला ताटाचं कोडं उलगडलं. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. जवळ वाजवलेलं पितळी ताट ९० च्या पुढं सहज जातं. तिला ताट ऐकू येत होतं. आई ऐकू येत नव्हती.

श्रोतेहो, अशी ताटं अजूनही घरोघरी वाजवली जातात. कुणी दार आपटून बघतं, कुणी टाळी वाजवतं. मूल वळलं की सगळे निश्चिंत होतात. ते मोठ्या आवाजानं वळलेलं असू शकतं, जमिनीच्या हादऱ्यानं किंवा भिंतीवर हललेल्या सावलीनंही. शिवाय काही मुलांना जाड आवाज चांगले ऐकू येतात, बारीक येत नाहीत. अशा मुलाला दार ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’ ही अक्षरं त्याच्या जगात नसतात. त्यामुळे घरच्या परीक्षेवर विसंबू नका. शंका आली की तपासणी करून घ्या.

इतकी घाई कशासाठी? बाळ आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या तिमाहीत, ऐकायला लागलेलं असतं. डीकॅस्पर आणि फायफर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८० साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग केला होता. चोखणी एका विशिष्ट लयीत चोखली की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखली की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशी लय धरली! म्हणजे ज्याला ऐकू येतं ते बाळ जन्मतःच काही महिन्यांची शिदोरी घेऊन येतं. ज्याला येत नाही त्याची शिकवणी सुरूच झालेली नसते. आणि मेंदू त्याच्यासाठी थांबत नाही. ऐकण्यासाठी राखलेली जागा रिकामी राहिली, तर मेंदू ती दुसऱ्या कामाला लावतो.

माझी मुलगी जन्मली त्याच वर्षी, १९९८ साली, अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दीडशे कर्णबधिर मुलं पाहिली. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढं होती. दोष सौम्य असो वा तीव्र, हा फरक दिसत होता. पुढं ‘एक-तीन-सहा’ असा नियम रूढ झाला: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार आणि शिकवण सुरू. आमच्या गावात त्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं. मी कुणाला दोष देत नाही. पण ते वीस महिने मला आजही आठवतात.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी बोंडी ठेवून काही मिनिटांत ‘ओएई’ नावाची चाचणी होते. बाळंतपण झालं त्या रुग्णालयात ‘कानाची तपासणी झाली का?’ हा प्रश्न विचाराच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथं तपासणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सगळं होतं. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत श्रवणयंत्रं मिळतात आणि लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लान्टलाही मदत होते. उत्पन्नाची आणि वयाची अट असते, म्हणून चौकशी लवकर करावी.

आता यंत्र आल्यानंतरची गोष्ट.

चष्मा घातला की लगेच दिसतं. माझी समजूत होती की श्रवणयंत्राचंही तसंच असेल. पुण्याहून येताना एसटीत मी तिला सारखी हाक मारत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं यंत्र ओढून काढलं आणि कणगीमागं टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिच्या दृष्टीनं तो नुसता गलका होता. भांडी, पंखा, कोंबड्या, आजीची हाक, सगळं एकाच ढिगात. त्यातून आजीची हाक वेगळी काढायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नॉर्मन अर्बर यांनी १९८२ साली ऐकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. आजही जगभर त्या वापरल्या जातात. पहिली, आवाज झाला की नाही हे कळणं. दुसरी, दोन आवाज एकच की वेगळे हे कळणं. तिसरी, आवाज कशाचा किंवा शब्द कोणता हे ओळखणं. आणि चौथी, ऐकलेल्याचा अर्थ लागणं, म्हणजे ‘चप्पल कुठाय?’ म्हटल्यावर ‘चप्पल’ असं परत न म्हणता उठून चप्पल आणणं. मूल कोणत्या पायरीवर आहे ते ओळखावं आणि पुढच्या पायरीला हात द्यावा.

आमची पहिली पायरी चढायला चार महिने लागले. कुकरची शिट्टी झाली की मी हातातलं काम टाकायची, कानाला बोट लावायची, डोळे मोठे करायची आणि म्हणायची, “ऐकलंस? कुकर वाजला!” मग तिला कडेवर घेऊन कुकर दाखवायचा. दारावरची कडी, भाजीवाल्याची आरोळी, साखर कारखान्याचा भोंगा, देवळातली घंटा, सगळ्यांना हाच विधी. एका संध्याकाळी ती माझ्याकडं पाठ करून बाहुलीशी खेळत होती. कुकर वाजला. तिनं मान वर केली आणि कानाला बोट लावलं. मी पिठाच्या हातांनी तिला उचललं.

एक हिशेब पालकांनी मनाशी पक्का ठेवावा. यंत्र लागलं त्या दिवशी मुलाचं ऐकण्याचं वय शून्य असतं. अडीच वर्षांच्या मुलाचं ऐकण्याचं वय चार महिने असेल, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा करावी. ‘यंत्र लावून चार महिने झाले, अजून बोलत नाही’ अशी तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. चार महिन्यांचं कोणतं बाळ बोलतं? आणि हे वय यंत्र कानात असतानाच वाढतं. म्हणून लहान मुलानं जागेपणी सगळा वेळ यंत्र घालायचं. आंघोळ आणि झोप सोडून.

यंत्र चालू आहे की नाही हे रोज बघावं लागतं. त्यासाठी कॅनडात काम केलेले डॅनियल लिंग यांनी फार सोपी चाचणी दिली आहे. सहा आवाज: आ, ऊ, ई, म, श, स. मराठीत हे सहाही आहेत. ‘म’ आणि ‘ऊ’ जाड, ‘आ’ मधला, ‘ई’मध्ये जाड आणि बारीक दोन्ही अंश, ‘श’ त्याहून बारीक आणि ‘स’ सगळ्यांत बारीक. माणसाच्या बोलण्यातला जवळजवळ सगळा पट्टा या सहांत येतो. रोज सकाळी मुलाच्या पाठीमागं किंवा बाजूला साधारण एक मीटरवर बसून, आवाज न चढवता, एकेक आवाज काढायचा. तोंडावर हात धरू नये, आवाज दबतो. ठरावीक अंतरानंही काढू नये, नाहीतर मूल अंदाजानं उत्तर देतं. ऐकू आलं की मुलानं डब्यात एक चिंचोका टाकायचा. थोडं मोठं झालं की ऐकलेला आवाज परत म्हणायचा. एकेका कानाचं वेगळं बघायचं. काल ‘स’ ऐकू येत होता, आज आला नाही, तर काहीतरी बिघडलं आहे. सेल उतरला असेल, मोल्डच्या नळीत पाणी किंवा मळ असेल, मुलाला सर्दी होऊन कान भरला असेल.

या सहा आवाजांनी आम्हाला एकदा मोठी गोष्ट दाखवली. मुलगी बोलायला लागली तेव्हा मला ‘आऊ’ म्हणायची. सगळ्यांना कौतुक वाटायचं. जिजाबाईंना ‘आऊसाहेब’ म्हणत, तशी मी आऊ! पण तिच्या पुण्याच्या बाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्या म्हणाल्या, “अहो, हिला ‘ई’ आणि ‘ऊ’ सारखंच ऐकू येतंय.” या दोन्ही स्वरांचा जाड भाग जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो ‘ई’च्या बारीक भागात आणि तोच तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मूल वाढलं की कानही वाढतो, मोल्ड सैल होतो, यंत्र शिट्टी मारतं. ती शिट्टी थांबावी म्हणून मीच आवाज कमी करून ठेवला होता! नवा मोल्ड बनवला, यंत्र पुन्हा जुळवून घेतलं. काही आठवड्यांनी, साडेतीन वर्षांची असताना, ती मला ‘आई’ म्हणाली.

म्हणून सांगते, लहान बाळांचे मोल्ड दर दोन-तीन महिन्यांनी बदलावे लागतात. त्याचा कंटाळा करू नका. मोल्ड यंत्रापासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यानं धुवावा, पूर्ण वाळवूनच लावावा. यंत्राला मात्र पाणी लागू देऊ नये. पावसाळ्यात आणि कोकणात दमट हवेनं यंत्रं बिघडतात. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवली तर टिकतात. बटणासारख्या सेलवरचा रंगीत कागद काढला की तो सेल सुरू होतो. त्यामुळे ‘तयार असावा’ म्हणून आधीच काढून ठेवू नये.

आता घरातल्या आवाजांकडं वळू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. या मुलांना एक मीटरवर जे वाक्य कळतं, ते चार मीटरवर कळत नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाका मारण्याची आपली पद्धत त्यांच्या कामाची नाही. जवळ जा, मग बोला. बोलताना टीव्ही बंद, मिक्सर बंद. मोठ्यानं ओरडण्यानंही फायदा नाही. ओरडल्यावर ‘आ’, ‘ओ’ हे स्वर फुगतात आणि त, क, स, श ही व्यंजनं त्यांच्याखाली बुडतात. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. साध्या आवाजात, जवळून, किंचित सावकाश, पण तोंड वेडंवाकडं न करता बोलावं.

आणि बोलताना पुढं एक क्रम पाळावा: आधी कान, मग डोळे, मग पुन्हा कान. समजा चेंडू द्यायचा आहे. आपण आधी चेंडू दाखवतो आणि मग ‘चेंडू’ म्हणतो. मुलाला वस्तू दिसली, त्याचं काम झालं, ते कशाला ऐकेल? म्हणून चेंडू पाठीमागं ठेवा. “माझ्याकडं चेंडू आहे!” असं आधी म्हणा. थांबा. मग दाखवा. मग पुन्हा म्हणा, “हा बघ चेंडू!” दोन भाकऱ्यांमध्ये झुणका ठेवावा तसं दोन ऐकण्यांमध्ये एक बघणं.

यातलं ‘थांबा’ सगळ्यांत अवघड. आपण विचारतो आणि दोन सेकंदांत आपणच उत्तर देतो. या मुलांना ऐकलेलं जुळवायला वेळ लागतो. मनात दहा अंक मोजा. मूल काहीतरी करेल, बघेल, पुटपुटेल. मी मुलीला जेवायला वाढताना मुद्दाम ताटात भाजी वाढायची आणि भाकरी वाढायचीच नाही. गप्प बसायचं. ती ताटाकडं बघायची, माझ्याकडं बघायची. शेवटी म्हणायची, “भाकी!” मग मी म्हणायची, “अगं बाई, भाकरी विसरले! भाकरी हवी तुला? घे गरम भाकरी.” एका जेवणात ‘भाकरी’ हा शब्द पाच वेळा आला आणि शिकवणी कुणाला जाणवलीही नाही.

सुरुवातीला मी याच्या नेमकं उलट करत होते. चित्रांचं पुस्तक घेऊन बसायची. “हे काय? म्हण, पेरू. म्हण ना!” ती रडायची. मीही रडायची. सुटे शब्द पाठ करून भाषा येत नाही. आपल्या मराठीत तर अर्धा अर्थ शब्दाच्या शेपटाला असतो. दादानं, दादाला, दादाशी, दादासाठी. गेला, गेली, गेले. ही शेपटं बोलताना आपण अर्धवट गिळतो आणि कर्णबधिर मूल ती ऐकतच नाही. मग ते म्हणतं, ‘आई बाजार गेला’. त्याला हसू नका, ‘चूक’ही म्हणू नका. फक्त पूर्ण वाक्य परत म्हणा: “हो, आई बाजाराला गेली.” शेवटावर किंचित जोर देऊन.

आपल्या आज्यांनी यासाठी लागणारी सामग्री कधीच तयार करून ठेवली आहे. चिऊ, काऊ, माऊ, हम्मा, भूभू. प्राण्यांची ही नावं म्हणजे त्यांचे आवाजच. ‘चिऊ’ बारीक, ‘माऊ’ जाड. ज्याला शब्द कळत नाहीत त्यालाही हा फरक पकडता येतो. आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट तर विलक्षणच. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. मेण आणि शेण! दोन शब्दांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. एक ‘म’, एक ‘श’. लिंग यांच्या सहा आवाजांतला एक जाड टोकाचा, एक बारीक बाजूचा. कर्णबधिरांच्या शाळेत असे जोडशब्द आम्ही मुद्दाम शोधून काढतो. इथं ते गोष्टीतच बसलेले आहेत. त्यामुळे आजी-आजोबांना मी नेहमी सांगते, तुम्हाला यातलं काही येत नाही असं समजू नका. मुलाला मांडीवर घ्या, यंत्राजवळ तोंड असू द्या आणि गोष्ट सांगा. रोज तीच सांगा. पुढं काय होणार हे माहीत असलं की ऐकणं सोपं जातं.

शाळेत गेल्यावर प्रश्न बदलतात. गोंगाटापेक्षा शिक्षकांचा आवाज निदान १५ डेसिबल वर असावा, असं मानतात. आपल्या वर्गात, पंखा, पत्रे, शेजारच्या वर्गाचे पाढे यांत ते कठीण. तरी शिक्षकांना काही गोष्टी बिनखर्चात जमतात. मुलाला पुढं, खिडकीपासून आणि दारापासून दूर बसवावं. फळ्याकडं तोंड करून बोलू नये. आधी लिहावं, मग वळून बोलावं. दुसरा विद्यार्थी उत्तर देत असेल तर ते एकदा परत सांगावं. आणि ‘कळलं का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर ही मुलं नेहमी ‘हो’ असंच देतात. ‘मी काय सांगितलं?’ असं विचारावं. शिक्षकांच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या यंत्रात थेट आवाज, अशी साधनंही आता मिळतात. परवडत असेल तर जरूर घ्यावीत.

इथंवर ऐकून कुणाला वाटेल, की सगळं नीट केलं की सगळं नीट होतं. तसं नाही आणि ते सांगितल्याशिवाय मला हे बोलणं संपवता येणार नाही.

मुलगी दहावीत होती. शाळेतून आली, यंत्रं काढून डबीत ठेवली आणि आडवी झाली. मी खुणेनं म्हटलं, “यंत्र घाल, मला बोलायचंय.” ती उठून बसली आणि म्हणाली, “आई, तू मला ऐकायला शिकवलंस. पण ऐकून ऐकून मी किती दमते, हे तुला कधी ऐकू आलं का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दिवसभर ती तुटकी वाक्यं जोडत होती. अर्धं कानानं, थोडं ओठांवरून, उरलेलं अंदाजानं. तुम्ही-आम्ही रेडिओ ऐकत भाजी निवडतो. तिला ऐकताना दुसरं काहीच करता येत नाही. या थकव्यावर आता जगभर अभ्यास होतो आहे. मी मात्र चौदा वर्षं तो बघूनही बघितला नव्हता. त्या दिवसापासून घरात नियम झाला: शाळेतून आल्यावर एक तास कुणीही तिच्याशी बोलायचं नाही. लहान मुलानं दिवसभर यंत्र घालावं, हे मी आजही सांगते, कारण त्याचा मेंदू घडत असतो. पण मूल मोठं झालं की ऐकण्यातून सुट्टी घेण्याचा हक्क त्याचा.

पुढं पुण्यात कॉलेजात गेल्यावर कर्णबधिर मैत्रिणींकडून ती भारतीय सांकेतिक भाषा शिकली. मला आधी ते आवडलं नाही. इतकी वर्षं बोलायला शिकवलं ते वाया जाईल, असं वाटलं. तसं काही झालं नाही. तिचं बोलणं आहे तसंच राहिलं आणि न दमता गप्पा मारता येतील अशी माणसं तिला मिळाली. सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. २०१५ साली दिल्लीत तिच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. काही मुलांच्या कानाची नसच तयार झालेली नसते, काहींचं निदान फार उशिरा होतं, काहींना यंत्र किंवा इम्प्लान्टचा पुरेसा उपयोग होत नाही. अशा मुलांच्या पालकांना मी हात जोडून सांगते, ऐकण्याची वाट बघत मुलाला वर्षानुवर्षं भाषेविना ठेवू नका. कान हे भाषेचं एक दार आहे. ते उघडत नसेल तर हातांचं दार उघडा. मूल आत आलं पाहिजे, एवढंच.

माझी मुलगी आता सत्तावीस वर्षांची आहे, नोकरी करते. सुट्टीला गावी येते तेव्हा सकाळी लवकर उठते. सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडली. वयामानानं त्यांनाही ऐकू येईनासं झालं. चारचौघांत त्या गप्प बसायच्या, विचारलं तर नुसतं ‘हो हो’ म्हणायच्या. ते ‘हो हो’ नातीनं बरोबर ओळखलं आणि त्यांना तपासणीला नेलं. आता दोघींची यंत्रं एकाच खिडकीत, दोन डब्यांत असतात. सकाळी चहाच्या आधी ती आजीच्या पाठीमागं बसते आणि म्हणते, “आजी, सांग. आ… ऊ… ई…” सासूबाई एकेक आवाज परत म्हणतात. ‘स’ चुकला की नात सेल बदलते.

मागच्या दिवाळीत फराळाची भांडी काढताना ते जुनं पितळी ताट हाताला लागलं. सासूबाईंनी ते बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाल्या, “तेव्हा हे वाजवण्याऐवजी तुझं ऐकलं असतं, तर बरं झालं असतं गं.”

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारी, नात्यात एखादी आई ‘बाळ ऐकत नाही वाटतं’ असं म्हणत असेल, तर तिचं ऐका.